वाइनरी सांडपाणी नियमपालन साहाय्य

वाइनरीतून, म्हणजे द्राक्षांपासून वाइन तयार करणाऱ्या कारखान्यातून, बाहेर पडणारे सांडपाणी कायद्याने घालून दिलेल्या मर्यादेत राहावे यासाठी पुरवले जाणारे तांत्रिक, प्रयोगशाळेचे आणि कागदोपत्री साहाय्य. महाराष्ट्रातील बहुतेक वाइनऱ्या नाशिक जिल्ह्यात, तर काही पुणे आणि सांगली जिल्ह्यांत आहेत. मुंबईत द्राक्षबागा नाहीत, पण या कामाची बरीच सूत्रे मुंबई परिसरातून हलतात. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे मुख्यालय शीव येथे आणि मध्यवर्ती प्रयोगशाळा नवी मुंबईत महापे येथे आहे. वाइनरीला सल्ला देणारा अभियंता त्यामुळे हंगामात कसारा घाट चढतो आणि बर्फाच्या पेटीत नमुन्यांच्या बाटल्या घेऊन उतरतो. जैवरासायनिक प्राणवायू मागणीचा, म्हणजेच बीओडीचा (पाण्यातील सेंद्रिय द्रव्य खाताना जिवाणू किती प्राणवायू वापरतात त्याचे माप), नमुना थंड ठेवून लवकरात लवकर तपासणीला लावावा लागतो. वाहतुकीत अडकून तो तापला तर आलेल्या आकड्याला फारसा अर्थ उरत नाही.

कायद्याची चौकट : मंडळाची स्थापना ७ सप्टेंबर १९७० रोजी राज्याच्या स्वतःच्या जलप्रदूषण प्रतिबंध कायद्याखाली झाली. जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ हा केंद्रीय कायदा महाराष्ट्रात १९८१ मध्ये लागू झाला. त्यानुसार वाइनरीला उभारणीपूर्वी स्थापना-संमती आणि उत्पादनापूर्वी परिचालन-संमती घ्यावी लागते. रोज किती घनमीटर सांडपाणी निघेल, त्यावर कोणती प्रक्रिया होईल आणि ते शेवटी कोठे जाईल, हे संमतीपत्रात नमूद असते. पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ मधील सर्वसाधारण निकषांप्रमाणे नदी-नाल्यात सोडायच्या पाण्याचा सामू ५.५ ते ९, बीओडी लिटरला ३० मिलिग्रॅमपर्यंत, रासायनिक प्राणवायू मागणी (सीओडी, म्हणजे सेंद्रिय द्रव्याचे रसायनाने ऑक्सिडीकरण करायला लागणारा प्राणवायू) २५० पर्यंत आणि निलंबित, म्हणजे पाण्यात न विरघळलेले, घनपदार्थ १०० पर्यंत असावे लागतात. सिंचनासाठी जमिनीवर सोडायच्या पाण्यास बीओडीची मर्यादा १०० आहे. संमतीपत्रातील अट याहून कडक असू शकते आणि वाइनरीला तीच बंधनकारक असते. म्हणून सल्लागाराने नियमपुस्तकाआधी संमतीपत्र वाचावे, हे उत्तम. भारतात बीओडी २७ अंश सेल्सिअस तापमानाला ३ दिवसांत मोजतात. ५ दिवसांच्या परदेशी आकड्यांशी त्याची सरळ तुलना केली की संयंत्राचा आराखडाच चुकतो.

सांडपाण्याचे स्वरूप : वाइनरीच्या सांडपाण्यात जड धातू किंवा विषारी रंग सहसा नसतात. त्यात द्राक्षरसातील साखर, अल्कोहोल, टार्टारिक आम्ल, यीस्टचा साका, सालींचा चोथा आणि धुण्याची रसायने असतात. धोका आहे तो सेंद्रिय भाराचा. साधारण १२ टक्के अल्कोहोल असलेल्या एक लिटर वाइनची सीओडी अंदाजे २ लाख मिलिग्रॅम भरते. म्हणजे फरशीवर सांडलेली एक लिटर वाइन केवळ पाणी घालून २५० च्या मर्यादेत आणायची तर सुमारे ८०० लिटर पाणी लागेल. (पाणी घालून आकडा खाली आणणे हा नियमपालनाचा मार्गही नव्हे.)

दुसरी अडचण हंगामाची आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर (घड येण्यासाठी केल्या जाणाऱ्या छाटणीनंतर) वाइनची द्राक्षे साधारण जानेवारी ते मार्च या काळात खुडली जातात, आणि वर्षाच्या सांडपाण्याचा मोठा भार या थोड्या आठवड्यांत येऊन पडतो. द्राक्षे चिरडण्याच्या दिवशी पाणी आंबट आणि साखरेचे असते. टाकीच्या भिंतीवर जमलेले टार्टरेटचे खडे सोडवण्यासाठी कॉस्टिक सोडा फिरवला की तेच पाणी काही तासांत तीव्र अल्कधर्मी होते. एप्रिलनंतर प्रक्रिया केंद्रातील जिवाणूंची उपासमार सुरू होते.

साहाय्याचे स्वरूप : अनेक वाइनऱ्या सल्लागाराला बोलावतात ते प्रक्रिया केंद्र, अर्थात ईटीपी, मोठे करण्यासाठी, खरी बचत मात्र चिरडणी यंत्राजवळच्या फरशीवर होते. चोथा आणि देठ पाण्याच्या पाइपने गटारात ढकलण्याऐवजी आधी फावड्याने आणि रबरी वायपरने गोळा केले, टाकीच्या तळाचा साका वेगळ्या पिंपात काढला आणि प्रत्येक पाइपला हाताने बंद होणारी तोटी बसवली, तर नव्या यंत्राविना भार लक्षणीय घटतो. चोथ्याचे खत होते. साका कोणत्याही परिस्थितीत गटारात जाता कामा नये. पहिल्या भेटीत जलमापकांची नोंदवही मागणारा सल्लागार सहसा चांगला निघतो.

त्यानंतर प्रक्रिया येते. जाळीतून गाळलेले पाणी समीकरण टाकीत साठवून एकजीव केले जाते. आंबट आणि अल्कधर्मी पाणी येथे एकमेकांना काही अंशी उदासीन करते, आणि उरलेला सामू चुन्याने सुधारतात. पुढे वायुवीजन टाकीत जिवाणू सेंद्रिय द्रव्य खातात. हे पाणी नत्र आणि स्फुरदाला दरिद्री असल्याने जिवाणूंना वरून खुराक द्यावा लागतो. बीओडी, नत्र आणि स्फुरद यांचे १००:५:१ हे प्रमाण धरतात. समजा, रोज १० घनमीटर पाणी आणि ३,००० मिलिग्रॅम बीओडी असेल, तर ३० किलो बीओडीसाठी दीड किलो नत्र, म्हणजे सुमारे सव्वातीन किलो युरिया लागतो. स्फुरदासाठी डीएपी वापरतात. हंगामापूर्वी काही आठवडे शेणकाला किंवा चालू केंद्रातील गाळ टाकून जिवाणू वाढवले जातात आणि गुळाच्या पाण्यावर पोसले जातात. हे काम खुड्याच्या आदल्या दिवशी आठवून उपयोगाचे नाही.

प्रक्रिया केलेले पाणी स्वतःच्याच बागेत द्यायचे असेल तर सोडियमकडे पाहावे लागते. काळ्या मातीत सोडियम साठले की तिचे कण विखुरतात, निचरा मंदावतो आणि पाणी मुळांशी तुंबते. यासाठी सोडियमयुक्त कॉस्टिक सोड्याऐवजी पोटॅशियमयुक्त क्षालक सुचवतात. ते महाग पडते, परंतु बाग वाचते.

मुंबईशी आणखी एक संबंध पर्यटनामुळे जुळला आहे. शनिवार-रविवारी शहरातून येणाऱ्या पाहुण्यांसाठी वाइनऱ्यांनी उपाहारगृहे आणि खोल्या बांधल्या. स्वयंपाकघरातील तेलकट पाणी आणि स्वच्छतागृहांचे मैलापाणी वाइनच्या सांडपाण्यासाठी आखलेल्या केंद्रात सोडणे ही वारंवार आढळणारी चूक असून, त्यासाठी तेल-सापळा आणि स्वतंत्र मैलापाणी प्रक्रिया केंद्र लागते.

तपासणी आणि नोंदी : मंडळाचे अधिकारी घेतात त्या नमुन्याला बोलीत जेव्हीएस (जॉइंट व्हिजिलन्स सॅम्पल) म्हणतात. अधिनियमाच्या कलम २१ प्रमाणे कारखानदाराने मागणी केल्यास नमुन्याचे दोन भाग करून दोन्ही मोहोरबंद करावे लागतात. ही मागणी तेथल्या तेथेच करायची असते, हे सल्लागार आधी शिकवून ठेवतो. निकष वारंवार ओलांडल्यास मंडळ कलम ३३क खाली वीज-पाणी तोडण्याचे किंवा कारखाना बंद करण्याचे निर्देश देऊ शकते. मागील आर्थिक वर्षाचे पर्यावरण विवरणपत्र (फॉर्म ५) ३० सप्टेंबरपर्यंत सादर करावे लागते. त्यात उत्पादनाच्या प्रत्येक एककामागे वापरलेल्या पाण्याचा आकडा भरायचा असतो. बागेत गोडी छाटणी सुरू होण्याच्या सुमारासच हा आकडा हाती येत असल्याने, येत्या खुड्यात फरशी कशी धुवायची याची बोलणी त्याच्यावरूनच सुरू होतात.