पहिल्या मिनिटाचा बिघाड

रात्रभर उभी असलेली पेट्रोल गाडी सकाळी सुरू केली की काही गाड्यांच्या बॉनेटखालून व्हॅक्यूम क्लीनरसारखी घरघर ऐकू येते. इंजिनही नेहमीपेक्षा चढ्या आवाजात फिरत असतं. मिनिट-दीड मिनिटात घरघर थांबते, इंजिन शांत होतं आणि तो आवाज दिवसभर पुन्हा कानावर येत नाही. हा आवाज असतो विजेवर चालणाऱ्या एका लहानशा हवेच्या पंपाचा. त्याची नोकरी रोज मिनिटभराची, पण त्या मिनिटात तो चुकला तर डॅशबोर्डवर पिवळा ‘चेक इंजिन’ दिवा लागतो. गाडी पळते झकास, पेट्रोलही जास्त खात नाही, दिवा मात्र विझायचं नाव घेत नाही.

मेकॅनिकचा खरा वैताग वेगळाच असतो. गाडी गॅरेजपर्यंत चालवत नेली की इंजिन गरम होतं आणि पंपाची वेळ टळून गेलेली असते. डॉक्टरांच्या दारात पोचेपर्यंत ताप उतरलेल्या रोग्यासारखी ही केस. म्हणून पहिला नियम: गाडी रात्रभर तिथेच उभी ठेवायची आणि सकाळी तपासणाऱ्याच्या कानांसमोरच सुरू करायची. तेही उघड्यावर, कारण थंड इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड भरपूर असतो.

मुळात हा पंप हवाच कशाला? थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, बरंचसं गार धातूवर ओलं चिकटून बसतं. मग इंजिनाचा संगणक जास्त पेट्रोल सोडतो. एरवी १ किलो पेट्रोलला १४.७ किलो हवा हे प्रमाण काटेकोर पाळलं जातं, पण या पहिल्या क्षणांत मिश्रण ‘रिच’ असतं, म्हणजे पेट्रोल जास्त आणि हवा कमी. त्यामुळे अर्धवट जळालेलं बरंच काही धुराबरोबर बाहेर पडतं. ते निस्तरण्याचं काम कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं. प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियमचा पातळ मुलामा दिलेली ही जाळी काम करते अप्रतिम, पण २५० ते ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापल्यावरच. तोपर्यंत ती धुराला नुसती वाट देते. गाडीची प्रदूषण चाचणी थंड अवस्थेतून सुरू केली, तर न जळालेल्या इंधनाचा मोठा वाटा या पहिल्या एक-दोन मिनिटांतच बाहेर पडलेला दिसतो.

पंपाची करामत इथे येते. तो एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या अगदी पाठीमागे, म्हणजे धूर सिलिंडरमधून नुकताच बाहेर पडून अजून तापलेला असतो तिथे, ताजी हवा सोडतो. उरलेलं इंधन तिथेच जळतं. घाण कमी होते आणि या जळण्याच्या उष्णतेने कन्व्हर्टरही लवकर तापतो. ही कल्पना कन्व्हर्टरपेक्षा जुनी आहे. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या काही गाड्यांत पट्ट्यावर फिरणारे असे पंप होते. कन्व्हर्टर तिथे सर्रास आले ते १९७५ च्या मॉडेलांपासून.

पंपातून हवा गेली की नाही, हे संगणकाला कळतं ऑक्सिजन सेन्सरमुळे. हवा आली तर धुरात ऑक्सिजन वाढतो आणि सेन्सरचा व्होल्टेज ०.१ व्होल्टच्या जवळ उतरतो. पंपाला हुकूम दिला आणि सेन्सर ढिम्म राहिला, तर संगणक मनात नोंद करतो. बऱ्याच गाड्यांत लागोपाठ दोन थंड सुरुवातींत असं झालं की दिवा लागतो. काही गाड्यांत पंप आणि त्याची हवा धुराच्या वाटेत सोडणारी झडप यांच्यामध्ये दाब मोजणारा वेगळा सेन्सरही असतो.

स्कॅनर, म्हणजे संगणकाच्या नोंदी वाचणारं यंत्र, लावला की बिघाडाचे कोड दिसतात. पी०४१० म्हणजे या यंत्रणेत बिघाड, पी०४११ म्हणजे हवेचा प्रवाह अपेक्षेप्रमाणे नाही, पी०४१८ म्हणजे पंप चालवणाऱ्या विजेच्या जोडणीत गडबड. ‘व्ही’ आकाराच्या इंजिनात सिलिंडरच्या दोन ओळी असतात, त्यांच्यासाठी पी०४९१ आणि पी०४९२ हे ‘हवा अपुरी’ असं सांगणारे कोड. माझ्या मते सगळ्यात बोलका पुरावा हाच. दोन्ही ओळींची तक्रार एकदम आली, तर दोघींना सामाईक असलेल्या गोष्टींकडे पाहायचं: पंप, रिले (पंपाला वीज जोडणारा स्विच), फ्यूज, मुख्य नळी. एकाच ओळीची तक्रार असेल, तर पंपाला बहुधा हात लावायचं कारण नाही. तिथली झडप किंवा तिथली वाट बघायची. पाना उचलण्याआधीच निम्मं इंजिन संशयाच्या बाहेर जातं.

कोडबरोबर साठवलेली ‘फ्रीझ फ्रेम’ही वाचावी. बिघाड टिपला गेला त्या क्षणी इंजिन गार ठेवणारं पाणी किती तापलं होतं, इंजिन किती फेऱ्यांवर होतं, हे त्यात असतं. आणि रात्रभर उभ्या गाडीची चावी नुसती फिरवून स्कॅनरवर दोन आकडे ताडून पाहावेत, इंजिनाच्या पाण्याचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं. ते जवळजवळ सारखे हवेत. पाण्याचा सेन्सर थंड इंजिनातही ६० अंश सांगत असेल, तर संगणकाच्या लेखी ही थंड सुरुवातच नाही आणि पंपाला हुकूम जाणारच नाही. अशा वेळी पंप, झडप, नळ्या सगळं ठणठणीत असतं.

सकाळी घरघर ऐकू आलीच नाही, तर विजेच्या वाटेने मागे जायचं. हा पंप चांगलाच खादाड असतो, कित्येक गाड्यांत त्याला ४० ते ६० ॲम्पिअरचा फ्यूज लागतो. फ्यूज शाबूत असेल तर रिले. रिलेचा ‘टक्’ ऐकू आला म्हणजे तो चांगला, असं समजू नये. आतले संपर्क जळलेले असले तरी टक् होतोच. पंपाच्या प्लगवर मल्टिमीटरने १२ व्होल्ट दिसले तरी हुरळून जाऊ नये. गंजलेल्या वायरचा एखादाच तंतू उरला असेल तरी मीटर १२ दाखवतं, कारण मीटर स्वतः जवळजवळ काहीच प्रवाह ओढत नाही. पंप जोडलेला असताना, त्याला चालवायचा प्रयत्न करत असताना व्होल्टेज मोजायचा. तो ६-७ वर कोसळला, तर दोष तारेत, रिलेत किंवा अर्थिंगच्या जोडणीत शोधायचा. नाहीतर जाम झालेला पंपच एवढा प्रवाह ओढत असेल.

समजा, पंपच जाम निघाला. इथे बहुतेक जण नवा पंप बसवतात, कोड पुसतात आणि काम झालं म्हणतात. काही महिन्यांत नवा पंपही मरतो. चोर सोडून संन्याशाला फाशी, त्यातला हा प्रकार.

पंप खोलून तिरका करून बघा. कित्येकदा आतून गंजाचं तांबूस पाणी ओघळतं. हवेच्या पंपात पाणी आलं कुठून? पेट्रोलमधूनच. १ लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ १ लिटर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. थंड गाडीच्या सायलेन्सरमधून थेंब टपकतात ते हेच. पंप आणि धुराची वाट यांच्यामध्ये एक झडप असते. तिने पंपाकडून हवा आत जाऊ द्यायची, पण धुराला उलटं येऊ द्यायचं नाही. ती काजळीने अडकून अर्धवट उघडी राहिली की दिवसभर गरम, ओला धूर नळीतून पंपाकडे सरकत राहतो आणि गार पंपात पोचला की त्याचं पाणी होतं. बेअरिंग गंजतात, मोटर अडखळते, जास्त प्रवाह ओढते, रिले जळतो, फ्यूज उडतो. कडाक्याच्या थंडीत तर आतलं पाणी गोठून पंप सुरुवातीलाच अडकतो. ढीगभर भाग खराब दिसतात, पण मूळ दोष त्या झडपेचा.

तिची परीक्षा सोपी आहे. पंपाकडची नळी झडपेपासून सोडवायची आणि आतून बोट फिरवायचं. काळी काजळी किंवा ओल लागली तर झडप गळते. इंजिन गरम होऊन पंप थांबल्यावर झडपेच्या तोंडाशी कागदाचा कपटा धरला आणि तो फडफडला, तरी निकाल तोच. हात मात्र जरा लांबच ठेवावा.

उलटाही प्रकार असतो. पंप जोरात फिरतो, नळीतून दमदार हवा येते, तरी सेन्सरला ती दिसत नाही. कुठे नळीला चीर गेलेली असते, कुठे झडप बंद अवस्थेत चिकटलेली. झडप निर्वातावर, म्हणजे इंजिनाच्या हवा ओढण्यावर, उघडणारी असेल, तर तिची बारीक रबरी नळी सुटलेलीही सापडते. हे काहीच नसेल, तर सिलिंडर हेडमधल्या हवेच्या बारीक वाटा कार्बनने बुजलेल्या असतात. ते साफ करणं जिकिरीचं आणि वेळखाऊ, म्हणून तो संशय शेवटी घ्यावा.

बऱ्याच नव्या गाड्यांत हा पंप नसतोच. तिथे कन्व्हर्टर इंजिनाला अगदी खेटून बसवतात आणि थंड इंजिनात ठिणगी मुद्दाम उशिरा पाडतात. ताकद वाया जाते, पण ती उष्णता होऊन धुराबरोबर कन्व्हर्टरकडे जाते. या डावपेचात खोट आली की पी०५०ए, पी०५०बी असे कोड येतात आणि शोध हवेच्या गळतीकडे, इंजिनात हवा सोडणाऱ्या मळलेल्या थ्रॉटलकडे वळतो.

दुरुस्तीनंतर कोड पुसून दिवा विझवला म्हणजे काहीच सिद्ध होत नाही. संगणकाने ती चाचणी अजून घेतलेली नसते, आणि ती घ्यायला त्याला पुन्हा पूर्ण गार इंजिन लागतं. स्कॅनरवर ‘मॉनिटर पूर्ण’ असं दिसेपर्यंत दोन-तीन सकाळी जातात. आठवड्याभराने नळी पुन्हा सोडवून बोट फिरवावं. ते कोरडं निघालं की गाडी मालकाच्या हवाली करायला हरकत नाही.