सोयाबीनचे बी उन्हाळ्यात का ढिले पडते : पार्श्वभूमी

1990 च्या दशकात विदर्भातल्या ज्वारीचे आणि कपाशीचेही बरेच रान सोयाबीनने घेतले. घरची ज्वारी वर्षभर ठेवली तरी पेरायला चालायची. सोयाबीनचे बी मात्र ऑक्टोबरच्या मळणीपासून मृगापर्यंतही धड टिकत नाही.

कारण दाण्यातच आहे. त्यात 18 ते 20 टक्के तेल. त्या तेलात निम्म्याच्या आसपास लिनोलेइक आणि 7-8 टक्के लिनोलेनिक आम्ल, म्हणजे लवकर खवट होणारी बहुअसंतृप्त मेदाम्ले. हीच आम्ले पेशीपटलात, म्हणजे पेशीभोवतीच्या पातळ पडद्यातही असतात. त्यांच्या दोन दुहेरी बंधांमधला हायड्रोजन सहज सुटतो, तिथे ऑक्सिजन जुळतो आणि तयार झालेला मूलक (अस्थिर, चटकन जोडी शोधणारा रेणू) शेजारच्या रेणूचा हायड्रोजन ओढतो. जीवनसत्त्व ई ही साखळी तोडते. ते अपुरे पडले की पटल गळके होते. पेरल्यावर दाणा पाणी ओढतो तेव्हा आतली साखर आणि क्षार बाहेर झिरपतात, आणि त्यावर मातीतली बुरशी पोसते. कोंब वर येण्याआधीच दाणा सडतो तो असा.

खरा वाद इथेच आहे. बी लवकर म्हातारे करून पाहण्याची चाचणी म्हणजे बंद पेटीत 41 अंश तापमान, जवळपास 100 टक्के आर्द्रता आणि 72 तास. 1979 मध्ये अशाच दमट उष्णतेत ठेवलेल्या सोयाबीनच्या चरबीचे ऑक्सिडीकरण आढळलेच नाही, असा निष्कर्ष प्रसिद्ध झाला आणि पटलाचा हा खुलासाच डळमळला. 1983 मध्ये साठवणीत आपसूक जुन्या झालेल्या बियांत बहुअसंतृप्त आम्ले थोडी घटलेली दिसली. दमट पेटी आणि कोरडी साठवण यांत बी एकाच वाटेने मरत नाही, हा त्यातला धडा. आपल्या टिनाच्या खोलीत एप्रिल-मे मध्ये कोरडी आग असते आणि पहिल्या पावसानंतर दमटपणा. म्हणून पेटीतल्या निकालावर इथला अंदाज बांधणे चुकीचेच.

प्रमाणित बियाण्याला किमान 70 टक्के उगवण लागते. गव्हाला आणि हरभऱ्याला 85. ही सवलत पिकाचा स्वभाव पाहून दिलेली आहे, पण प्रयोगशाळेत ओल्या कागदावर मोजलेले 70 टक्के शेतातले 70 टक्के नव्हेत. गळके पटल कागदावर निभावते, चिखलात नाही. टक्केवारीसोबत जोमही, म्हणजे बिकट मातीतून वर येण्याची ताकदही, तपासायला हवा होता. 2020 च्या खरिपात न उगवल्याच्या तक्रारींचा पूर आला, तेव्हाही चर्चा टक्क्यांवरच अडकली.

ओलावा 1 टक्क्याने उतरला की बियाण्याचे आयुष्य साधारण दुप्पट होते, हा जुना ठोकताळा. म्हणून सोंगणीनंतर गंजी ओली राहू देऊ नये. 13-14 टक्के ओलाव्यावर, ड्रमचे फेरे मिनिटाला 350 ते 400 ठेवून मळणी करावी. फेरे वाढले की साल तडकते आणि तडकलेल्या दाण्यात हवा व पाणी थेट शिरते. मग 12 टक्क्यांखाली वाळवून बारदान्यात भरावे, लाकडी फळ्यांवर पाचपेक्षा जास्त पोत्यांची थप्पी नको, आणि पोते आपटू नये. मे अखेरीस 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून आठवडाभराने धड कोंब मोजावेत. 70 ऐवजी 60 च आले तर हेक्टरी 75 किलोऐवजी साडेसत्त्याऐंशी किलो लागेल. त्याखाली आले तर ते बी तेलाच्या गिरणीला द्यावे.