चासीवरील जुने रिव्हेट काढणे

वाहनाच्या चासीचे (सांगाड्याचे) भाग जखडून ठेवणारे रिव्हेट (भोकात घालून टोक ठोकून पक्के केलेले जाड खिळे) मूळ पोलादाला आणि भोकाला इजा न करता काढण्याचे काम. ट्रक, बस, टँकर यांच्या चासीत दोन लांब चॅनल (इंग्रजी C सारख्या छेदाच्या पोलादी तुळ्या) असतात. आडवे क्रॉस मेंबर आणि पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) ब्रॅकेट त्यांना रिव्हेटने जोडलेले असतात. ब्रॅकेट तुटला, क्रॉस मेंबरला तडा गेला किंवा रिव्हेटच सैल झाले, तर ते काढावे लागतात.

सोलापुरात हे काम नेहमीचे आहे. पुणे–हैदराबाद हा राष्ट्रीय महामार्ग ६५ आणि धुळ्याकडून विजयपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५२ येथे एकत्र येतात, त्यामुळे जड वाहतूक भरपूर. त्यात जिल्ह्यात साखर कारखाने अनेक. गळीत हंगामात उसाने शिगोशीग भरलेली गाडी काळ्या मातीच्या फडातून बाहेर काढताना एक चाक खोल चाकोरीत जाते आणि दुसरे वर राहते. चासी पिळवटते. असा पीळ पुन्हा पुन्हा बसला की जोडातले पत्रे एकमेकांवर सरकू लागतात आणि रिव्हेटवर कातरबल (कात्रीसारखे आडवे कापणारे बल) येते. म्हणून हंगाम उलगडल्यावर गाडी गॅरेजला लावली, की पाट्यांच्या ब्रॅकेटचे रिव्हेट आधी तपासावेत. रिव्हेटच्या डोक्याभोवती तांबूस भुकटी किंवा गंजाचा ओघळ दिसला, तर जोड हलतो आहे असे समजावे. एका बाजूला बोट टेकवून दुसऱ्या बाजूने हातोडीचा हलका ठोका दिला, तर सैल रिव्हेटची थरथर बोटाला जाणवते.

रिव्हेटचे डोके उडवले तरी तो सहसा गळून पडत नाही. बसवताना दाबामुळे त्याचा दांडा फुगून भोक गच्च भरतो. वर्षानुवर्षांचा गंज ती पकड आणखी वाढवतो. दोन्ही पत्र्यांची भोके किंचित सरकलेली असली, तर दांडा मध्येच वाकडा होऊन अडकतो.

काम सुरू करण्याआधी बॅटरीची जोडणी सोडावी. डिझेल टाकी, ब्रेकच्या हवेचे पाइप आणि वायरिंग ठिणग्यांपासून दूर करावे. चासी नुसत्या जॅकवर न ठेवता भक्कम स्टँडवर टेकवावी. मग ग्राइंडरने डोके घासून सपाट करावे, पण चाक चॅनलला लागू देऊ नये. तिथे पडलेला ओरखडाही पुढे तड्याची सुरुवात ठरतो. शेवटचा पातळ थर छन्नीने उडवावा. उरलेल्या दांड्याच्या मध्यावर सेंटर पंचने खूण करून आधी बारीक, नंतर दांड्याहून थोड्या कमी व्यासाच्या बिटने भोक पाडावे. दांड्याचा गाभा गेला की त्याची पकड ढिली होते आणि पंच ठेवून घणाच्या सरळ घावाने तो निघतो. मागून दुसऱ्याने जड लोखंडाचा आधार दिला, तर पत्रा वाकत नाही. मधोमध न पाडलेले भोक बाजूला सरकून चॅनलचे पोलाद खाते. या टप्प्यावर घाई करणे सर्वांत महाग पडते.

गॅस कटरने डोके उडवण्याची पद्धत झटपट आहे, म्हणून ती सर्रास दिसते. चासीसाठी ती वाईट आहे. सुमारे ७२७ अंश सेल्सिअसच्या पुढे पोलादाची अंतर्रचना बदलू लागते. उष्णता-संस्कारित चॅनलची ताकद तर त्याच्या बऱ्याच खालच्या तापमानालाही घटू शकते. शिवाय ज्योतीने भोकाची कड वितळून वेडीवाकडी झाली, तर नवा रिव्हेट किंवा बोल्ट तिथे घट्ट बसत नाही. काढून टाकायच्या ब्रॅकेटचे काय व्हायचे ते होवो, पण चॅनलचे भोक गोलच राहिले पाहिजे.

एका जोडातील सगळे रिव्हेट एकदम काढू नयेत. एक काढावा, तिथे तात्पुरता बोल्ट कसावा, मग दुसरा घ्यावा. कामाआधी आणि नंतर चासीचे कर्ण मोजले, तर ती तिरकी झाली का ते कळते.

रिकाम्या भोकाची कड कानशीने साफ करून, गंज खरवडून रंग लावावा. पुन्हा रिव्हेट मारण्याची सोय नसेल तर ८.८ किंवा १०.९ या ताकदीच्या प्रतीचे बोल्ट वापरतात. भोक लंबगोल झाले असेल, तर दोन्ही पत्रे एकत्र ठेवून रीमरने (भोक मोठे व गुळगुळीत करणाऱ्या हत्याराने) पुढच्या मापाला गोल करावे. बोल्टचा आटे नसलेला भाग भोकात घट्ट बसायला हवा. सैल बोल्ट आणि जुने रिव्हेट एकाच जोडात मिसळले, तर सारा भार रिव्हेटवरच राहतो. चॅनलच्या वरच्या-खालच्या पट्टीत नवे भोक मुळीच पाडू नये, कारण वाकण्याचा ताण तिथे सर्वाधिक असतो. नट टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोराइतकेच कसणाऱ्या पान्याने) कसावेत आणि गाडी काही दिवस भाराने चालल्यावर पुन्हा तपासावेत.

चासी क्रमांक कोरलेल्या जागेवर ग्राइंडर फिरवू नये. पासिंगला आलेल्या एमएच १३ (सोलापूर) गाडीचा हा क्रमांक आरटीओत नोंदीशी ताडून पाहतात, आणि मूळ रचनेत फेरफार करण्यावर मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ ची बंधने आहेत.