सीख कबाबाच्या आधीचा पब

बर्मिंगहॅमच्या पश्चिमेला स्मेदिक, वेस्ट ब्रॉमिच ही गावं एकमेकांना खेटून आहेत. तिथल्या एखाद्या ‘देसी पब’मध्ये, म्हणजे पंजाब्यांनी चालवलेल्या पबमध्ये, बसलात की थोड्या थोड्या वेळानं बिडाचा एक तवा चर्र वाजत, धूर सोडत टेबलांमधून जातो. तळाला कांदा, त्यावर तंदुरी चिकन, सीख कबाब, मटण चॉप्स, मासळीचे तुकडे आणि कडेला लिंबाची फोड. नाव मात्र साहेबाचं : मिक्स्ड ग्रिल. इंग्रजी मिक्स्ड ग्रिलमध्ये सॉसेज, चॉप, गुर्दा आणि भाजलेला टोमॅटो असतो. पंजाब्यांनी नाव तसंच ठेवलं आणि तव्यावरचा ऐवज बदलला.

परदेशातले पारंपरिक पदार्थ आता गल्लीतल्या पबमध्ये मिळतात, याचं हल्ली फार कौतुक होतं. या तव्याच्या बाबतीत ‘पारंपरिक’ हा शब्द जरा जपून वापरलेला बरा. कबाब जुना, तंदूर जुना, पण हा असा ढीग काही जालंधरच्या घरात रांधला जात नव्हता. तो पबमध्येच जन्मला. आणि त्या पबमध्ये शिरायलाच आधी भांडावं लागलं होतं.

जुन्या इंग्रजी पबमध्ये पोटाला आधार असा फारसा नसेच. आपल्याकडच्या परमिट रूममध्ये चखण्याला जेवढा मान, तेवढाही नाही. क्रिस्पची, म्हणजे बटाट्याच्या वेफर्सची, पुडी, व्हिनेगरमधली अंडी, डुकराच्या चामडीचे तळलेले कुरकुरीत तुकडे. ब्रेड, चीज आणि लोणच्यातला कांदा असा ‘प्लाउमन्स लंच’ तिथे पिढीजात म्हणून खपतो, पण त्या नावानं तो देशभर पोचवला तो १९५०-६०च्या दशकांत, चीजचा खप वाढवू पाहणाऱ्यांच्या जाहिरातींनी. परंपरेचं हे असं असतं.

१९४८च्या नागरिकत्व कायद्यानं राष्ट्रकुलातल्या लोकांना ब्रिटनमध्ये येऊन राहण्याची मुभा मिळाली. युद्धानंतर तिथे कामाला माणसं कमी होती. जालंधर, होशियारपूरकडचे तरुण बर्मिंगहॅमजवळच्या ओतकामाच्या कारखान्यांत लागले. कोल्हापूरच्या फाउंड्रीत ज्यानं पाळी केली आहे, त्याला भट्टीसमोरचे आठ तास वेगळे सांगायला नकोत. पाळी सुटली की घसा ओला करायला सगळे कामगार पबकडे वळत, गोरे आणि पंजाबीही.

त्या काळी पबमध्ये वेगवेगळ्या खोल्या असत. साधा ‘पब्लिक बार’, जरा बऱ्या खुर्च्यांची ‘स्मोक रूम’ आणि त्याहून वरची ‘लाउंज’. अनेक पबमध्ये काळ्या-सावळ्या गिऱ्हाइकाला फक्त पहिल्या खोलीत बिअर मिळे, काही ठिकाणी तीही नाही. यालाच ‘कलर बार’ म्हणत. इंडियन वर्कर्स असोसिएशनचे अवतारसिंग जौहल यांनी यावर साधी युक्ती काढली. गोऱ्या विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन ते पबांमागून पब फिरत. गोऱ्याला ग्लास मिळाला आणि भारतीयाला नाही, की हाती पुरावा आला.

१९६४च्या निवडणुकीत स्मेदिकमधला प्रचार वर्णद्वेषानं इतका बरबटला की गावाचं नाव देशभर झालं. १२ फेब्रुवारी १९६५ रोजी असोसिएशनच्या निमंत्रणावरून अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे लढाऊ नेते माल्कम एक्स तिथे आले. ‘ब्लू गेट्स’ पबच्या स्मोक रूममध्ये त्यांनाही नकार मिळाला. प्यायचं तर पब्लिक बारमध्ये जा. नऊ दिवसांनी न्यू यॉर्कमध्ये त्यांचा खून झाला. त्याच वर्षाअखेरीस ब्रिटनचा पहिला वंशसंबंध कायदा लागू झाला आणि पब-हॉटेलांतला भेदभाव बेकायदा ठरला. कायदा तसा लेचापेचा होता. भेदभाव हा गुन्हा नव्हता, समेट घडवण्यावरच भर होता. पण दार किलकिलं झालं.

पुढची पायरी म्हणजे पबच चालवायला घेणं. बरेचसे पब दारू कंपन्यांच्या मालकीचे आणि चालवणारा भाडेकरू, तरी त्याला म्हणायचं ‘लँडलॉर्ड’! १९८०च्या आसपास फाउंड्र्या बंद पडू लागल्या आणि कामगारांना दुसरा धंदा शोधणं भाग पडलं. तेव्हाच्या नियमानुसार परवानाधारकाचं नाव पबच्या दारावर रंगवावं लागे. ज्या दारातून बापाला माघारी पाठवलं, तशा दारांवर ‘सिंग’ हे नाव दिसू लागलं.

करीची रेस्टॉरंटं याआधीची आहेत. पाटण्याच्या दीन महंमद यांनी लंडनमध्ये १८१० सालीच एक काढलं होतं, ते दोन वर्षांत बुडालं. नंतरची बहुतेक सिल्हेटी बंगाल्यांनी चालवली आणि त्यांचा रात्रीचा धंदा पब बंद झाल्यावर येणाऱ्या गोऱ्या गिऱ्हाइकांवर चाले. देसी पबनं ही पायपीटच वाचवली. बिअरबरोबर रस्सेदार भाजीपेक्षा कोरडं, तिखट, भाजलेलं मटण बरं जातं, हे पंजाब्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

लंडनची तऱ्हा निराळी. केन्सिंग्टनच्या ‘चर्चिल आर्म्स’मध्ये १९८०च्या दशकाच्या अखेरीस थाई जेवण सुरू झालं आणि पाहता पाहता शहरभर पबमागे थाई स्वयंपाकघर ही जोडी रुळली. तिथे व्यवहार सरळ होता : लँडलॉर्डकडे जागा पडून, स्वयंपाक्याला जागा हवी. लंडनमधल्याच साउथॉलच्या ‘ग्लासी जंक्शन’ या पंजाबी पबमध्ये तर बिल रुपयांत चुकतं करता येई. तो पब आता राहिला नाही.

१ जुलै २००७ पासून इंग्लंडच्या पबमध्ये धूम्रपानाला बंदी आली. नुसत्या दारूवर तगणारे पब आणखी अडचणीत आले, स्वयंपाकघरवाल्यांना आधार राहिला. वेस्ट ब्रॉमिचच्या ‘व्हाइन’मध्ये मागच्या बाजूला आत शेगडीच मांडलेली आहे. जवळच फुटबॉलचं मैदान आहे. सामन्याच्या दिवशी दोन्ही संघांचे गोरे पाठीराखे तिथे गर्दी करतात आणि सीख सळईवरून उतरायची वाट पाहतात.