प्रादेशिक मज्जारज्जू इजा केंद्र

मज्जारज्जूला इजा झालेल्या रुग्णावर अपघातानंतरच्या पहिल्या तासांपासून पुढे आयुष्यभर उपचार करणारे, आणि त्याच उपचारांच्या नोंदींवर संशोधन करणारे, एका मोठ्या प्रदेशासाठीचे केंद्र. ही इजा विरळ असते. लहान रुग्णालयात वर्षाकाठी एखाददुसराच असा रुग्ण येतो आणि डॉक्टर-परिचारिकांचा हात बसत नाही. म्हणून प्रदेशातले रुग्ण एकाच जागी आणले जातात.

पहिल्या महायुद्धातले असे बहुतेक जखमी शय्याव्रणांनी (एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणाऱ्या जखमांनी) आणि मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाने दगावले. डॉक्टर लुडविग गटमन यांनी १९४४ मध्ये इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे विभाग सुरू केला आणि दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, रुग्णाची कूस बदलण्याचा नियम घातला. एवढ्या साध्या शिस्तीने माणसे जगू लागली. १९४८ मध्ये तिथेच भरलेल्या व्हीलचेअरवरच्या १६ खेळाडूंच्या स्पर्धेतून पुढे पॅरालिंपिक उभे राहिले. अमेरिकेत १९७० पासून सरकारी मदतीने अशा केंद्रांचे जाळे विणले गेले. फिलाडेल्फियातील डेलावेअर खोऱ्याचे केंद्र त्यातलेच. सर्वांच्या नोंदी बर्मिंगहॅम येथील अलाबामा विद्यापीठात जमा होतात.

दाखल होताच कापसाचा बोळा आणि टाचणी घेऊन अंगावरचे ठरलेले बिंदू एकेक करून तपासतात. गुदद्वाराजवळची जाणीव शिल्लक आहे का, हा सर्वांत मोलाचा प्रश्न. ती असेल तर इजा अपूर्ण, म्हणजे मज्जारज्जूतून काही संदेश अजून जात असलेली, मानली जाते आणि सुधारणेची आशा वाढते. शस्त्रक्रिया, फिजिओथेरपी, व्हीलचेअरचा सराव हे ओघाने येतेच. पण केंद्राची खरी कसोटी लागते ती घरी जाण्याआधीच्या शिकवणीत. छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याहून वरच्या भागात इजा असलेल्याचे डोके अचानक ठणकू लागले, कपाळ घामाने डबडबले, तर रक्तदाब धोकादायक चढलेला असू शकतो. अशा वेळी त्याला आधी उठून बसते करायचे आणि लघवीच्या कॅथेटरची नळी कुठे पिळवटली आहे का, ते पाहायचे. हे घरच्यांना पाठ असावे लागते, कारण जवळच्या दवाखान्यातही ते ठाऊक असेलच असे नाही.

संशोधन म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर चालणे येते. रुग्णांना विचारले तेव्हा, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, दोन्ही हात आणि दोन्ही पाय लुळे पडलेल्यांनी हाताची हालचाल पहिली मागितली. फक्त पाय लुळे पडलेल्यांनी लैंगिक क्षमता. मानेवरच्या त्वचेतून विद्युत्‌प्रवाह देऊन हाताची पकड सुधारणाऱ्या उपकरणाला अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये मान्यता मिळाली.