दुखत नाही म्हणजे खुब्याचा सांधा ठणठणीत?

‘धातूचा सांधा कशाला झिजतोय? दुखत नाही ना, मग झालं.’ खुबा बदललेल्या माणसाला हे हमखास ऐकायला मिळतं. ते चूक आहे, आणि त्यावर विसंबणं धोक्याचं आहे.

ज्या सांध्यात गोळा आणि वाटी दोन्ही धातूची असतात, तिथे पावलागणिक धातूवर धातू घासतो. कोबाल्ट आणि क्रोमियमचे डोळ्यांना न दिसणारे कण सुटतात. आजूबाजूचं मांस हळूहळू मरतं, पाण्याच्या गाठी होतात, हाडही पोखरलं जातं. कोबाल्ट रक्तात फार वाढलं तर क्वचित हृदय, कान, डोळे यांनाही इजा होते. हे सगळं कित्येकदा न दुखता चालू असतं!

कृत्रिम सांधे बनवणाऱ्या डीप्यू कंपनीने ‘एएसआर’ हे असेच धातूवर धातू घासणारे सांधे ऑगस्ट 2010 मध्ये जगभरातून परत मागवले. भारतात ते बसवण्याच्या सुमारे 4,700 शस्त्रक्रिया झाल्या होत्या.

मात्र प्रत्येक कृत्रिम खुबा असा नसतो. बहुतेकांत वाटीचं अस्तर प्लास्टिकचं किंवा सिरॅमिकचं असतं; त्यांनी घाबरू नये. शस्त्रक्रियेच्या कागदांवर सांध्याचं स्टिकर असतं, ते आजच शोधा. दोन्ही भाग धातूचे निघाले, तर जांघेत कळ येण्याची वाट न पाहता हाडांच्या डॉक्टरांकडे जा आणि रक्तातलं कोबाल्ट-क्रोमियम तपासून घ्या.