वाऱ्याच्या फटी व गार जागा, घरातील (कोल्हापूर परिसर)

बाहेरचा वारा ज्या बारीक वाटांनी घरात शिरतो त्या फटी, आणि भोवतालच्या मानाने थंड राहणाऱ्या भिंती, कोपरे व फरशा शोधून त्यांची दुरुस्ती करणे. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मी. उंचीवर आहे. डिसेंबर-जानेवारीत सरासरी किमान तापमान १५° से.च्या आसपास राहते. आकडा सौम्य असला, तरी येथे घर तापवण्याची सोय नसते आणि जमिनीवर अंथरूण घालणारी माणसे पुष्कळ. त्यामुळे दाराखालून आलेले वारे थेट अंगाला झोंबते.

वाऱ्याची वाट आणि फट यांतला भेद जुना आहे. संस्कृतात खिडकीला ‘वातायन’ (वात + अयन) व ‘गवाक्ष’ असे दोन्ही शब्द आहेत. गवाक्षाचा अर्थ आकारावरून ‘बैलाचा डोळा’ असा लावतात. ‘गो’ म्हणजे किरण असे धरून किरणांशी संबंध जोडणारी फोडही केली जाते. चैत्यगृहांच्या दर्शनी कमानीलाही हीच संज्ञा लावतात, हे पाहता पहिला अर्थ अधिक सरळ वाटतो. मराठी ‘खिडकी’ प्राकृत ‘खडक्की’शी जोडली जाते व तिचा जुना अर्थ लहान दार असा आहे. धाब्याच्या घरातले सवणे (छताला ठेवलेले भोक), किंवा कौलारू घरात भिंतीचा माथा आणि वासे यांमधली मोकळी जागा, ही चुलीच्या धुरासाठी मुद्दाम ठेवलेली वाट होती. चूल जाऊन गॅस आला, वाट तशीच राहिली. जुन्या पेठांतील घरांत आज जिला फट म्हणतात तिचा उगम पुष्कळदा असा असतो.

मंगलोरी कौलांचा प्रश्न थोडा वेगळा आहे. बाझेल मिशन या स्वित्झर्लंडमधील ख्रिस्ती संस्थेने मंगळूरला १८६५ मध्ये कौलांचा कारखाना सुरू केला. ही कौले कोल्हापूर भागात कोकणच्या बंदरांतून घाटाने बैलगाडीवर आली, की १८९१ मध्ये मिरज-कोल्हापूर रेल्वे सुरू झाल्यावर पसरली, असे दोन तर्क संभवतात. थोडा माल आधी घाटाने आला असणे शक्य आहे. पण कौलाचे वजन आणि वाटेतली फूट पाहता सर्रास वापर रेल्वेनंतरचा मानणे बरे. नळीच्या कौलांपेक्षा ही खाचांत नीट बसतात, पण सांधे हवाबंद नसतात. शिवाय हिवाळ्यात निरभ्र रात्री कौले आपली उष्णता आकाशाकडे टाकून झपाट्याने गार होतात. त्यांना लागलेली हवा जड होऊन खाली उतरते, आणि माळा नसलेल्या सोप्यात सगळी दारे लावूनही डोक्यावर वारे आल्यासारखे वाटते. येथे फट बुजवून भागत नाही. कौलांखाली फळ्यांचे किंवा चटईचे छत लागते.

फट ओळखण्यास उदबत्ती पुरते. पंखे बंद करून पहाटे ती चौकटीच्या कडेने हळूहळू फिरवावी. सरळ चढणारी धुराची रेघ जिथे एकदम आत वाकते, तिथे खडूची खूण करावी. खालच्या फटींतून गार हवा आत येते आणि वरच्यांतून उबदार हवा बाहेर जाते. म्हणून आढ्याजवळ हीच रेघ फटीकडे ओढली जाते. ९० सेंमी. रुंदीच्या दाराखाली ५ मिमी. फट असेल, तर तिचे क्षेत्रफळ ४५ चौ. सेंमी. भरते, म्हणजे जवळजवळ तीन इंची पाइपाच्या तोंडाएवढे. धूर हलत नाही पण तळहाताला भिंत गार लागते, तिथे दोष वाऱ्याचा नसून भिंतीचा किंवा ओलीचा असतो. पुराचे पाणी चढलेल्या भागात (२०१९, २०२१) भिजलेल्या भिंती बराच काळ गार राहतात. ओल्या भिंतीतून उष्णता लवकर निघते आणि सुकतानाही भिंत थंड होते. पावसाळ्यात हवा २५° से. व आर्द्रता ८० टक्के असता सुमारे २१° से.हून गार पृष्ठभागावर दव धरते. कपाटामागच्या कोपऱ्यातील बुरशीचे हे एक कारण होय.

दुरुस्तीत सर्वांत मोठी चूक ऋतूची होते. लाकूड आडव्या अंगाने फुगते व आटते, लांबीत जवळजवळ बदलत नाही. आषाढात अडणारे दार पौषात सैल होते. हिवाळ्यात फट दिसली म्हणून चौकटीला लाकडी पट्टी ठोकली, की पावसाळ्यात तेच दार रंधून घ्यावे लागते आणि पुढच्या थंडीत फट दुप्पट होते. दाराची कितीतरी चांगली सागवानी झडपे अशी वर्षावर्षाने रंधून खराब झाली आहेत. म्हणून दाबली जाणारी रबराची किंवा फेल्टची पट्टी लावावी. चौकट व भिंत यांमधली भेग मात्र कायमची बुजवावी. मातीच्या भिंतीत भुसा घातलेल्या मातीने, कारण सिमेंट मातीला धरत नाही आणि सुटून पुन्हा भेग पडते.

न्हाणीघर व स्वयंपाकघर यांतील झरोके कधीही बुजवू नयेत. सिलिंडरमधला स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. तिथली जाळी मोकळी हवी. गॅस गीझर बंद न्हाणीघरात चालला, तर प्राणवायू कमी पडून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि आतल्या माणसाला धोका कळण्यापूर्वीच शुद्ध हरपते. गीझर घराबाहेरच्या मोकळ्या भिंतीवर बसवावा. थंडीत लहान मुलांना अंघोळ घालताना झरोक्यात बोळा कोंबण्याची सवय दिसते. ती जिवावर बेतू शकते.

दारात पंखा बसवून, ५० पास्कल दाबफरक निर्माण करून घरातून किती हवा गळते हे मोजण्याची चाचणी १९७० च्या दशकापासून थंड देशांत रूढ झाली. कौलारू घराला तिचा उपयोग थोडा. चंदगड, आजरा या बाजूंना जांभ्याच्या भिंती आहेत. जांभा सच्छिद्र असतो. तिथे दर्जा (दगडांमधले सांधे) भरून आतून गिलावा करतात.